पूर्ण चेष्टा

शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली तेव्हा मी ओल्या-सुक्याचे दोन डबे घेऊन दारात उभी होते, आणि गाडीच्या भोंग्यातून मीच बोलत होते. त्यात नवल काही नव्हतं. पांढुर्ण्यात, हिंदी राज्यातल्या या मराठी गावात, भोंग्यावरचा मराठी आवाज गेली अकरा वर्षं माझाच आहे. पोलिओचे थेंब पाजा, मतदार यादीत नाव तपासा, कुंड्यांत पाणी साचू देऊ नका, सगळं मीच सांगते. मराठी शाळेची मास्तरीण, उच्चार स्वच्छ, दम लांब, आणि सरकारी नोकर असल्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. स्वतःचा आवाज इतक्या वेळा भोंग्यातून ऐकला की पुढे तो ऐकूच येत नाही. घरातल्या पंख्याचा येतो तेवढाच येतो. मी डबे वर दिले, गाडीवरच्या माणसानं ते आपटून परत दिले, गाडी पुढे सरकली. समोरच्या ओट्यावर कलाबाई झाडत होत्या. त्यांनी झाडू थांबवला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बराबर सांगतलं वं बाई तू. कोणीतरी सांगाले पायजे होतं." मला वाटलं, म्हातारीला धीर आला. जरा बरं वाटलं, कारण चार दिवस गावात कुणालाच कशाचाच धीर येत नव्हता. गाडी कोपऱ्यावर जाऊन थांबली, भोंगा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि या वेळी, कलाबाईंच्या त्या वाक्यामुळेच, मी कान दिला. "घाबरण्याचे कोणतेही कारण नाही. पाणी, दूध आणि भाजीपाला वापरण्यास योग्य आहे. शासन आपल्या सुरक्षेची पूर्ण चेष्टा करीत आहे."

मी रिकामे डबे हातात धरून तिथंच उभी राहिले. मूळ हिंदी कागद मला तोंडपाठ होता. शासन आपकी सुरक्षा की पूर्ण चेष्टा कर रहा है. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत काय, ते कलाबाईंना विचारा. आणि ही चूक मी केली होती. सत्तावीस वर्षं मराठी शिकवणारीनं. पोरांच्या वह्यांत नेमक्या याच शब्दाखाली लाल रेघ मारणारीनं. आमच्याकडचं प्रत्येक पोर ही चूक एकदा तरी करतं, कारण घरी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत दोन्ही आणि टीव्हीवर पुन्हा हिंदी. मी त्यांना दरवर्षी सांगत आले की हे दोन शब्द दिसायला एक आहेत, पण एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. शिक्षा तशीच, यातायातही तशीच, आणि चेष्टाही. फळ्यावर दोन रकाने पाडून लिहून द्यायचे मी. आता ते रकाने सगळ्या गावाला भोंग्यावरून ऐकवून झाले होते, आणि वाईट असं की गावाला त्यात चूक सापडली नव्हती.

काय झालं होतं ते आजही मला नीट सांगता येणार नाही. रविवारी दुपारी नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्या अणुवीज केंद्रात काहीतरी झालं. आमच्याकडे त्याला नुसतं प्लँट म्हणतात. रविवारी विचारलं तर काहीच झालं नव्हतं. सोमवारी सकाळी थोडी वाफ सुटली होती. सोमवारी संध्याकाळी ती वाफ नेहमीच सुटणारी होती. मंगळवारी थोडं पाणी नदीत गेलं होतं, पण मर्यादेच्या आत. बुधवारी कळलं की प्लँटच्या वसाहतीतली बायकापोरं रविवारीच बसगाड्यांत घालून बाहेर काढली होती. मग त्याचाही खुलासा आला की ती सहल होती, आधीच ठरलेली. सहल! मी सत्तावीस वर्षं सहली नेल्या आहेत. दोनशे पोरांची सहल दीड तासात कशी काढतात ते मला एकदा कुणी शिकवावं. खोटं बोलतात याचा राग एक वेळ गिळता येतो, पण ऐकणाऱ्याला इतकं बिनडोक समजून बोलतात, त्याचा नाही. दरेक खुलाशानंतर तिगावच्या आणि आमच्या स्टेशनवर नागपूरच्या गाडीसाठी गर्दी वाढत गेली. गुरुवारी जिल्ह्याच्या साहेबांना कुणीतरी सुचवलं की खेड्यापाड्यातल्या लोकांना हिंदी कागदी वाटते, त्यांना मराठीतून सांगा. मग मला बोलावणं आलं.

तात्पुरता नियंत्रण कक्ष नागपूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात थाटला होता. नवा जिल्हा, जागा कुणालाच पुरत नाही. व्यासपीठावर आदल्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती आणि त्याखाली टेबलं मांडून माणसं फोन उचलत होती. साहेब तरुण होते, ग्वाल्हेरकडचे, डोळे सुजलेले. त्यांनी कागद दिला आणि वीस मिनिटं दिली. वधूपक्षाच्या खोलीत आवाज कमी येतो म्हणून तिथं बसवलं. आरशाला टिकल्या चिकटलेल्या होत्या. मी वाचत गेले आणि वाचता वाचता मराठी करत गेले. सावरगावचा अतुल, तिथला संगणक चालवणारा मुलगा, मोबाइल माझ्या तोंडापुढे धरून बसला होता. त्या खोलीत आम्ही पाच माणसं होतो. चौघं मराठी. एकाच्याही कानाला ते वाक्य टोचलं नाही. उंबरठ्याच्या आत हिंदी, बाहेर मराठी, असं आमच्या कानांना वळण पडलं आहे. ऑफिसात शिरताना चपला बाहेर काढाव्या तशी आम्ही मराठी बाहेर काढून ठेवतो. अतुल म्हणाला, "मस्त झालं म्याडम, एका दमात." मला चहा दिला, मी प्याले आणि घरी आले.

त्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, आणि ते कुठून आलं ते मला त्या सकाळी दारातच आठवलं. लोधीखेड्याच्या अलीकडे नदीकाठी एक वस्ती आहे, तिथल्या शाळेवर मी नऊ वर्षं होते. पाचवीच्या वर्गात मोनाली नावाची मुलगी होती. शेतमजुरांची पोर, काळे टपोरे डोळे, हात वर करताना बाकावरून अर्धी उठायची. मी मोठेपणी कोण होणार, या निबंधात तिनं लिहिलं, मी नर्स बनण्याची पूर्ण चेष्टा करीन. मला हसू आलं. मी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही एकदा नाही, दोनदा, आवाज काढून. वर्ग फुटला. ती उभी होती. हसणाऱ्यांकडे न बघता माझ्याकडेच बघत होती, कारण आपण काय चुकलो ते तिला कळलं नव्हतं आणि मी सांगेन याची तिला खात्री होती. मग मी सांगितलं, आणि तिनं वहीत प्रयत्न हा शब्द वीस वेळा लिहून आणला, शाईचा एक डाग न पाडता. ती नर्स झाली नाही. आठवीनंतर दोन वर्षं घरी बसली, मग तिथल्याच कोटवाराच्या घरात दिली. कोटवार म्हणजे गावचा सरकारी निरोप्या. दवंडी त्याची, साहेब आला की खुर्ची आणायची ती त्याची. तिचा सासरा हिरामण हा असला इमानदार कोटवार की शाळेची घंटासुद्धा तो सरकारी आदेश समजून वाजवायचा. मोनाली मला दर शिक्षकदिनाला फोन करते. दुसरं कुणी करत नाही.

दुपारपर्यंत माझा पराक्रम सगळीकडे पोचला होता. लोकांनी भोंग्याचे व्हिडिओ काढून फिरवले. सौसरहून माझी जाऊ अर्चना हिचा फोन, की ताई तुम्ही वाघीण निघाल्या. मंडईतल्या एका व्यापाऱ्यानं माझ्या नवऱ्याला, वसंतला, उभं राहून नमस्कार केला, म्हणे वहिनींनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. वसंत बाजार समितीत कारकून आहे, कुणी त्याला कधी उभं राहून नमस्कार करत नाही. तो खुशीत घरी आला. मी सांगत सुटले की अरे चूक आहे ती, भाषेची चूक आहे, मला काही सांगायचं नव्हतं. ज्याला सांगावं तो डोळा मारी. हाव, हाव, चूकच हाय म्हना, म्याडम. नोकरीवाला मानूस, तसंच म्हनावं लागते. मला त्यांचा इतका संताप आला की मी फोन उचलणं बंद केलं. सरकार खरं सांगत नाही म्हणून लोक त्याच्या चुकांतून खरं शोधायला लागले होते, आणि त्यांना सापडली ती माझी चूक. मी कधी वाघीण नव्हते. मी रजेचा अर्जसुद्धा तीनदा कच्चा लिहून मग पक्का करते. वसंत म्हणाला, "जाऊ दे ना. लोक तं खुश हायेत." मी म्हटलं, खूश नाहीत ते, घाबरलेले आहेत, आणि आता त्यांना वाटतं की आतल्या माणसानंही भ्यायला सांगितलं. आणि मी आतलीसुद्धा नाही. मला काहीएक ठाऊक नाही. वसंत उठला. स्वयंपाकघरात गेला आणि क्यान वाकडं करून पाणी प्याला.

क्यानचं सांगायला हवं. सोमवारी वसंत कामाला म्हणून नागपूरला गेला आणि येताना वीस लिटरची चार क्यानं घेऊन आला. मी विचारलं नाही कशासाठी. मी त्यांच्यावर ताटल्या झाकल्या आणि नळाचं पाणी भांड्यांना, आंघोळीला असं आपोआप ठरून गेलं. आमच्या दोघांत यावर एक शब्दही झाला नाही. गुरुवारी मी वधूपक्षाच्या खोलीत बसून पाणी वापरण्यास योग्य आहे असं म्हटलं तेव्हा माझ्या पिशवीत घरून भरून नेलेली बाटली होती. त्या वेळी मला ते खोटं वाटलं नाही. वाचणं वेगळं आणि पिणं वेगळं, असं काहीतरी वाटलं असेल. खरं तर काहीच वाटलं नाही.

मोनालीचा फोन शुक्रवारीच आला, तीनच्या सुमाराला. तिचं नाव दिसलं म्हणून उचलला. तिला नऊ महिन्यांची मुलगी आहे. अंगावरचं दूध तिसऱ्या महिन्यातच आटलं, डब्याचं दूध पाण्यात कालवून देते. रविवारपासून हिरामण सायकलवर सौसरला जातो, बसस्टँडच्या मागं एका ओळखीच्या घरी नागपूरहून पाणी येतं, तिथून दोन बाटल्या आणतो. त्या दोन बाटल्यांत दिवस काढायचा, म्हणून ती दूध पातळ करते आणि थोडं थोडं देते, पोरगी भुकेनं किरकिरते. हे सगळं तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलंच नाही. गणितातलं उदाहरण सांगावं तसं सांगितलं. मग मंगळवारची गोष्ट सांगितली. तीन माणसं जीप घेऊन वस्तीवर आली होती, हातात यंत्र, विहिरीतून बाटलीत पाणी भरून घेतलं, बाटलीवर चिठ्ठी लावली. तिची सासू मंगला, हिनं साहेब आले म्हणून चहा केला. तिघांनीही घेतला नाही. एकानं तर हात मागं घेतले. जीपमध्ये जाऊन स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याले. "सासू दिवसभर रडली, म्याडम," मोनाली म्हणाली. "म्हने, अजून बी आमच्या घरचं चालत नाई यायले. सासरे म्हने, नाई वं, जातीच्या पायी नाई, पान्याच्या पायी. मी आयकून राहिली होती. मले वाटलं, जातीच्याच पायी असतं तं बरं झालं असतं."

नऊ वर्षं मी त्या वस्तीवर शिकवलं. मंगलानं किती वेळा बोलावलं असेल मला घरी. मी जायची, ओट्यावर बसायची, पोरांचं कौतुक करायची, आणि माझी बाटली माझ्यापाशी असायची. डॉक्टरनं बाहेरचं पाणी बंद केलं आहे, असं मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. असा कुणी डॉक्टर नव्हता. मी त्याला जात म्हटलं नाही, कुणी म्हटलं असतं तर भांडले असते. त्या बायका माझ्या पोटाची चौकशी करायच्या, ओवा पाठवायच्या. हे सगळं फोन कानाला लावलेला असताना एकदम वर आलं. मोनालीला वाटलं, रेंज गेली. "म्याडम, आयकून राहिले का? मले एवढंच इचारायचं होतं. पोरीले विहिरीचं पानी देऊ का नोको देऊ? बाकी कोनाचं मी आयकत नाई. तुमी सांगा." मी सांगू शकले असते की नको देऊस. त्याला कागद लागत नव्हता, आकडा लागत नव्हता, माझ्या मागं चार क्यानं होती. पण हिरामणच्या सायकलच्या फेऱ्या, वस्तीवरची बाकीची पोरं, आणि उद्या सगळी वस्ती म्हणेल म्याडमनं विहीर बंद केली. आणि समजा पाणी खरंच बरं असलं तर? मी म्हटलं, "मी इचारून सांगते, मोनाली." ती म्हणाली, "हाव. इचारून सांगा." तिला अगदी पटलं ते.

शनिवारी मंगल कार्यालयात विचारायच्या तयारीनंच गेले. वहीत तीन प्रश्न लिहून नेले होते. नदीकाठच्या विहिरीत नेमकं किती सापडलं? मर्यादा किती आहे? नऊ महिन्यांच्या लेकराला तीच मर्यादा का? व्यासपीठावरची तोरणं आता पार सुकली होती. मी दिसले तशा फोनवरच्या पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. साहेबांना माझी चूक मुळात कळलीच नव्हती. त्यांच्या दृष्टीनं वाक्य बरोबर होतं. अतुलनं त्यांना शब्दकोश दाखवून समजावलं म्हणे, तेव्हा ते खाली बसले. आता वरून त्यांना विचारणा झाली होती, म्हणून त्यांनी मला विचारणा केली. तिचा कागद तयारच होता, खुलासा चोवीस तासांत द्यावा. त्यांनी मला आधी तोंडी विचारलं की तुम्ही हे मुद्दाम केलंत का. खरं सांगते, त्या क्षणी मला हो म्हणायची फार इच्छा झाली. कलाबाई, अर्चना, मंडईतला तो व्यापारी, सगळे माझ्या मागे उभे होते. एक हो म्हटलं असतं की मी ती बाई झाले असते. मी म्हटलं, नाही, अनवधानानं झालं. आणि तसं लिहूनही दिलं, अनवधान हा शब्द दोन्ही भाषांत चालतो.

मग मी माझी वही उघडली. पहिला प्रश्न विचारला. साहेबांनी सांगितलं की पातळी सामान्य आहे. मी म्हटलं, सामान्य म्हणजे किती? ते म्हणाले, सीमेच्या आत. मी म्हटलं, सीमा किती? त्यांनी टेबलावरचे कागद हलवले, एक उचलला, ठेवला. एक फोन आला तो घेतला नाही. मी वही पुढे सरकवली, म्हटलं, यात एक आकडा लिहून द्या साहेब, सही नको, नाव नको. माझ्या एका विद्यार्थिनीला सांगायचा आहे. माझा आवाज चढला असावा, कारण अतुल दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी वहीकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर उर्मटपणा असता तर मला बरं झालं असतं, भांडता आलं असतं. "मुझे भी बस यही काग़ज़ मिला है, मैडम," ते म्हणाले. "इससे ज़्यादा मुझे भी कोई नहीं बताता." त्यांच्या खुर्चीच्या बाजूला खाली बंद बाटल्यांचा एक अख्खा खोका होता, वरचं प्लास्टिक फाडलेलं. मी त्याच्याकडे बघितलं, ते त्यांनी बघितलं, आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघायला लागलो. इतका वेळ ज्याच्यावर चिडावं म्हणून मी ताटकळले होते, तो माणूस माझ्यासारखाच निघाला. मला ते अजिबात सहन झालं नाही.

पुन्हा वधूपक्षाची खोली. तोच कागद, तीच पाच वाक्यं, त्यातलं फक्त एक सुधारायचं. मी म्हणू शकले असते की माझा घसा बसला आहे. अतुलला म्हणू शकले असते, तू वाच. पण खुलासा देऊन झाला होता, नोकरीची चार वर्षं राहिली आहेत, आणि मी मनाशी म्हटलं की भोंग्यात काय वाजतं याला अर्थ नाही, लोक आता कशावरच विश्वास ठेवत नाहीत. मोनालीला मी वेगळा फोन करेन. घरी गेल्यावर करेन. ते भोंग्याचं आणि हे आमचं. मी खुर्चीत ताठ बसले, खाकरले आणि वाचलं. शासन आपल्या सुरक्षेसाठी सर्वतोपरी प्रयत्न करीत आहे. प्रयत्न हा शब्द मी इतका स्वच्छ उच्चारला की अतुलनं मान डोलावली. गेल्या वेळेपेक्षा चांगलं झालं, सावकाश, विश्वासानं. चुकल्यावर माणूस जरा जास्तच नीट बोलतं. संध्याकाळपर्यंत ते गावागावांतल्या कोटवारांच्या मोबाइलवर गेलं. आमच्या गल्लीत रविवारी सकाळी वाजलं. कलाबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. झाडून झालं तशा आत गेल्या, दार लावून घेतलं.

घरी गेल्यावर मी फोन केला नाही. काय सांगणार होते? विचारलं, पण कळलं नाही, हे सांगायला फोन करायचा? मला वाटलं, कुठून तरी आकडा मिळवावा आणि मगच करावा. नागपूरला वसंतच्या ओळखीचा एक विज्ञानाचा प्राध्यापक आहे, त्याच्याकडे विहिरीचं पाणी पाठवता येईल का विचारलं. तो म्हणाला, पाठवा, पण तपासायचं यंत्र आमच्याकडे नाही, मी पुढे पाठवतो, दिवस लागतील. रविवार गेला. सोमवारी शाळेत पोषण आहार शिजला, तो कुठल्या पाण्यात शिजवायचा यावर आम्ही शिक्षिका तासभर बोललो आणि शेवटी नळाच्या पाण्यातच शिजवला, कारण दुसरं नव्हतं. पोरांनी खाल्लं. मी माझा डबा खाल्ला. मंगळवारी मी मोनालीचा नंबर काढून ठेवला आणि मुख्याध्यापिकांनी हाक मारली. अशी कारणं मिळत गेली, मी ती घेत गेले. वसंतनं आणखी चार क्यानं आणली, या वेळी वर चादर टाकून, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. रोज वाटायचं की ती बिचारी दोन बाटल्यांवर काढते आहे, आज तरी तिला सांगून टाकू की अजून काही दिवस तसंच काढ. म्हणजे ती विहिरीचं पाणी देत नाहीये, हे मी धरूनच चालले होते. माझ्या उत्तराची ती वाट बघत असणार. ती वाट बघणारीच होती, पाचवीपासून.

बुधवारी दुपारी मधल्या सुट्टीत तिचाच फोन आला. आवाज मोकळा होता, शुक्रवारचा नव्हता. मागं मंगलाचा आवाज येत होता, काहीतरी गुणगुणत होती. मोनाली म्हणाली की म्याडम, आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून केला. मी म्हटलं, कशाचे आभार? "तुमी म्हनलं होतं ना, इचारून सांगते. मी वाट पाहून राहिली होती. मंग रविवारी सासऱ्यानं थे नवीनवालं लावलं, मी भाकरी करून राहिली होती. तुमचा आवाज आयकला, तशीच चुलीपासून उठली. म्हनलं, पाहा, म्याडमनं इचारून घेतलं. पयलं चुकलं होतं, थे बी सुधारून सांगतलं." ती हसली. "लोक म्हने, आता म्याडमवर दबाव आनला. मी म्हनलं, तुमाले म्याडम माहीत नाई. मी तवापासून विहिरीचंच पाजून राहिली. चार दिवस झाले, पोरगी पोट भरून पिते, बाई. आताबी सासूपाशी बाटली घेऊनच हाय."

शाळेच्या व्हरांड्यात पोरं ओरडत होती. मी कानावर दुसरा हात ठेवला आणि पायऱ्या उतरून मागच्या भिंतीपाशी गेले. मी म्हटलं, "मोनाली, नोको देऊ."

"काहून? काई नवीन आलं का?"

"नाई. काईच आलं नाई. मले कोणी काई सांगितलं नाई. मी इचारलं, पन कोणापाशी काईच नाई. मी फक्त कागद वाचला."

तिनं विचारलं, आणि आवाज अगदी वर्गातला होता, उत्तर मला येत असणार याची खात्री असलेला. "तुमी कोनतं पिऊन राहिले, म्याडम?"

"नागपूरचं. क्यानचं."

"कवापासून?"

"पयल्या सोमवारपासून."

तिचं तोंड फोनपासून दूर गेलं, आणि मी तिला घरात बोलताना ऐकलं. आवाज चढलेला नव्हता, रोज बोलते तसाच. "आई, थे बाटली काढा तिच्या तोंडातून."

मग पोरगी रडायला लागली. मोनालीनं फोन बंद केला नव्हता.